‘नाशवंत’ म्हणजे नेमकं काय? नश्वर, क्षणभंगुर, तात्पुरता या शब्दांहून तो वेगळा कसा?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. कीर्तनातला ‘नाशवंत देह’ आणि जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या केळीच्या पावतीवरचा ‘नाशवंत माल’ हा शब्द एकच का? त्याच्या जागी नश्वर, क्षणभंगुर किंवा तात्पुरता चालेल का? आणि वाहतुकीच्या कागदावर ‘मालाचे स्वरूप’ या रकान्यात नुसतं ‘नाशवंत’ लिहून भागतं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: भागत नाही. का भागत नाही, ते शब्द नीट उलगडला की आपोआप कळतं.

शब्द एकच आहे, नाश + वंत. ‘वंत’ म्हणजे जवळ असणारा. गुणवंताजवळ गुण असतो, धनवंताजवळ धन, तसा नाशवंत वस्तूच्या ठायी नाश असतो. तो बाहेरून यावा लागत नाही, कोणी करावा लागत नाही, वस्तूच्या घडणीतच तो आहे. म्हणून नाशवंत म्हणजे नासलेलं नव्हे, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. पहाटे कापलेला केळीचा घड हिरवागार, टणक, एकही डाग नसलेला असतो, तेव्हाही तो नाशवंतच असतो. ‘माल चांगला होता, मग नाशवंत का लिहिलं?’ असं विचारणारा माणूस शब्दाचा अर्थ उलटा धरतो. चांगल्या मालालाच हा शब्द लागतो. नासल्यावर त्याला म्हणायला वेगळे शब्द आहेत.

व्याकरणाचं थोडं सांगतो, कारण त्यावरून लिहिण्यातल्या चुका टळतात. संस्कृतात ‘ते ज्याच्याकडे आहे’ या अर्थाचा मतुप् प्रत्यय आहे. शब्दाच्या शेवटी अ किंवा आ असेल तर त्याचा ‘वत्’ होतो, इ-उ असेल तर ‘मत्’ राहतो. म्हणून आपल्याकडे एकीकडे बलवंत, धनवंत, दयावंत आणि दुसरीकडे श्रीमंत, बुद्धिमंत, हनुमंत. पुढे मराठीने ‘वंत’ हा स्वतःचाच प्रत्यय करून टाकला आणि जातिवंत, कीर्तिवंत असे शब्द घडवले. संतवाङ्मयात ‘नाशिवंत’, ‘नासिवंत’ अशी रूपं भेटतात. ती चुकीची नाहीत, पण आजच्या लेखनात ‘नाशवंत’ लिहावं. शहामृगातला श. लिंग बदललं तरी रूप बदलत नाही: नाशवंत माल, नाशवंत भाजी, नाशवंत फळ.

आणखी एक गोंधळ कृषी केंद्रांच्या पाट्यांवरून होतो. ‘नाशक’ आणि ‘नाशवंत’ हे शब्द एकमेकांच्या उलट आहेत. कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक ही नाश करणारी औषधं. नाशवंत म्हणजे ज्याचा नाश होतो ते. ‘नाशकारक’, ‘विनाशकारी’ हेही करणाऱ्याच्या बाजूचे शब्द. ‘विनाशकारी भाजीपाला’ असं कोणी लिहिलं तर ती भाजी गावावर चालून आल्यासारखं होतं.

आता जवळचे शब्द. ‘नश्वर’ नश् धातूवरून येतो आणि त्याला लागलेला प्रत्यय ‘तसा स्वभाव असलेला’ हे सांगतो. अर्थाने तो नाशवंताच्या अगदी शेजारी बसतो, पण वापरात त्याने तत्त्वज्ञानाचं घर धरलं आहे. नश्वर देह, नश्वर जग, नश्वर वैभव. ‘नश्वर टोमॅटो’ कोणी म्हणत नाही. ‘क्षणभंगुर’ मधलं भंगुर भञ्ज् म्हणजे मोडणे या धातूपासून आलं आहे, आपोआप मोडणारं. त्यात झिजणं, सडणं नाही. एका क्षणात तुटणं आहे. म्हणून आनंद, प्रसिद्धी, आयुष्य क्षणभंगुर असतं. केळी क्षणभंगुर नसते, ती दिवसांच्या हिशेबाने जाते. ‘क्षणिक’ तर फक्त कालावधी सांगतो, मोडण्याचं काही सांगत नाही. वीज चमकते ती क्षणिक.

‘तात्पुरता’ची जातच वेगळी. तो म्हणजे तेवढ्यापुरता. मुदत माणसाने ठरवलेली असते. तात्पुरता पूल दहा वर्षंही उभा राहू शकतो, कारण त्याच्या लोखंडाला त्या नावाशी देणंघेणं नाही. ‘हंगामी’ही तसाच, फारसीतल्या हंगाम म्हणजे वेळ, मोसम यावरून आलेला: हंगामी कामगार, हंगामी अध्यक्ष. तर नाशवंताची मुदत वस्तू ठरवते आणि तात्पुरत्याची माणूस. एवढं लक्षात ठेवलं तर हे दोन शब्द पुन्हा कधी अदलाबदल होणार नाहीत.

फुटणाऱ्या मालाला मात्र नाशवंत लिहू नका. काचेची बरणी, कौलं यांना ‘नाजूक’ किंवा ‘फुटणारा माल’. अंडी स्वतः मात्र दोन्ही आहेत, नाजूकही आणि नाशवंतही. तिथे दोन्ही शब्द लिहावेत, कारण हमालाने घ्यायची काळजी वेगळी आणि गाडीवाल्याने घ्यायची वेगळी.

वाक्प्रचार हवे असतील तर अळवावरचं पाणी, पाण्यावरचा बुडबुडा आणि औट घटकेचं राज्य. शेवटचा बरेच जण अर्थ न कळता वापरतात. औट म्हणजे साडेतीन, एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे हे राज्य ८४ मिनिटांचं. सत्ता, पद, मान यांनाच तो लावावा, मालाला नाही.

इथवरचं शब्दकोशातही सापडेल. मला या शब्दाबद्दल जे खरं मोलाचं वाटतं ते पुढे आहे. ‘नाशवंत’ हे विशेषण एकच असलं तरी वस्तू ज्या रीतीने नाश पावते, त्या प्रत्येक रीतीला मराठीने स्वतंत्र क्रियापद दिलं आहे, आणि खानदेशातल्या स्वयंपाकघरात ती सगळी आजही चालू आहेत. दूध नासतं. वरण-आमटी विटते. भात आंबतो. भाजी सडते. पालेभाजी आधी मलूल होते, मग पिवळी पडते, मग सडते. आंबा उतरतो. भाकरी आधी शिळी होते आणि मग तिला बुरा येतो. शेंगदाणे, तेल, खोबरं खवट होतं. गूळ पाघळतो. डाळीला भुंगा लागतो. पापड, बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया सादळतात. अहिराणीत ‘दूध नासी गयं’ म्हणतात, तिथेही क्रियापद तेच.

ही नुसती शब्दांची श्रीमंती नाही, प्रत्येक क्रियापदामागे वेगळं कारण आहे. दूध नासतं तेव्हा त्यातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि आम्ल वाढलं की प्रथिनं गोळा होऊन पाणी वेगळं पडतं. थंड असताना जे दूध ठीक दिसतं ते तापवताना फाटतं, कारण थोडं आम्ल झालेलं असलं तरी उष्णता उरलेलं काम करून टाकते. हेच काम आपण मुद्दाम केलं की त्याला ‘विरजणं’ म्हणतात, आणि लिंबू पिळून पनीरसाठी केलं की ‘नासवणं’. खवट होण्याचा ओलाव्याशी फारसा संबंध नाही, तिथे तेलाला हवा आणि उजेड बाधतो. म्हणून शेंगदाण्याचं कूट डब्यात गच्च भरून ठेवावं, अर्धा डबा रिकामा ठेवू नये. भुंगा बाहेरून येतो, डाळीची स्वतःची घडण त्याला जबाबदार नाही, म्हणून नीट वाळवलेली डाळ नाशवंत म्हणत नाहीत.

आणि सादळणं? सादळलेले बिबडे कडक उन्हात घातले की परत कुरकुरीत होतात. नासलेलं दूध कशानेही परत येत नाही. मी तरी नाशवंत ओळखायची हीच कसोटी लावतो: जे बिघडलं ते मागे फिरवता येतं का? येत असेल तर वस्तू नाशवंत नाही, तिची फक्त निगा राहिलेली नाही. उन्हाळ्यात खानदेशात घरोघर गच्चीवर बिबडे, कुरडया, वडे घालतात, ते म्हणजे नाशवंत पिठाला, चिकाला या शब्दातून बाहेर काढणंच. पाणी काढून घेतलं की जिवाणूंना काम करता येत नाही.

आता बाजार. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ‘नाशवंत वस्तूंचा पुरवठा अलवचीक असतो’ असं वाक्य असतं. मुलं पाठ करतात आणि विसरतात. जळगाव जिल्ह्यात त्याचा अर्थ डोळ्यांनी दिसतो. कापसाला भाव नसला की शेतकरी तो घरात भरून ठेवतो. खोली अडते, पैसा अडतो, अंगाला खाज सुटते, पण कापूस थांबतो. रावेर-यावलकडची केळी थांबत नाही. घड कापणीला आला की काही दिवसांचीच सवड असते. त्यानंतर झाडावरच फळ तडकायला, पिकायला लागतं आणि लांबच्या गाडीत घालण्याजोगं राहत नाही. भाव पडला म्हणून माल मागे ठेवता येत नाही, हाच अलवचीक पुरवठा. घासाघीस कापसाची असो की केळीची, ज्याच्या मालाला घाई आहे तो आधी वाकतो. त्या पुस्तकांत ‘श्रम नाशवंत आहे’ असंही असतं. आज न केलेली मजुरी उद्यासाठी साठवता येत नाही, म्हणून मजुरालाही वाकावं लागतं. हा शब्दाचा लांबवलेला वापर आहे, पण अचूक आहे.

व्यापारी आणि ट्रकवाले मात्र ‘नाशवंत’ बोलत नाहीत, ते ‘कच्चा माल’ म्हणतात. हा शब्द कागदावर टाळा. कारखान्याच्या भाषेत कच्चा माल म्हणजे ज्यापासून पक्की वस्तू करायची ते, त्यात लोखंडही आलं.

कायद्यात या शब्दाला वजन आहे, म्हणून तो हलकेपणाने लिहू नये. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार पैसे न मिळालेल्या विक्रेत्याच्या ताब्यात माल असेल आणि खरेदीदार वाजवी मुदतीत पैसे देत नसेल, तर विक्रेता तो दुसऱ्याला विकू शकतो; एरवी त्यासाठी आधी नोटीस द्यावी लागते, नाशवंत मालाला ती लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत जप्त केलेली जंगम वस्तू लवकर आणि आपोआप खराब होणारी असेल तर जप्ती करणारा अधिकारी ती लगेच विकू शकतो. १९८९ च्या रेल्वे कायद्यात पूर, दरड, अपघात अशा कारणाने मार्ग बंद पडला तर नाशवंत माल विकून टाकायची तरतूद आहे. तिन्हीकडे विचार एकच: वस्तूला घड्याळ लावलेलं आहे, तेव्हा माणसांनी आपली नेहमीची संथ रीत सोडावी. म्हणजे तुम्ही टिकाऊ मालावर उगाच ‘नाशवंत’ लिहिलंत, तर तुमच्याच मालाच्या घाईच्या विक्रीला तुम्ही कारण देता.

आता तुमचा रकाना. ‘नाशवंत’ एवढंच लिहिल्याने घाई आहे हे कळतं, पण किती आणि कशाची, ते कळत नाही. पालकही नाशवंत आणि केळीही नाशवंत, पण पालकाला शून्य अंशाच्या जवळचा गारवा आणि भरपूर ओल मानवते, आणि तोच गारवा केळी मारतो. म्हणून चार गोष्टी लिहा: मालाचं नाव, कापणीची तारीख आणि वेळ, तापमान कुठून कुठपर्यंत, आणि किती तासांत उतरवायचा. उदाहरण देतो: ‘ताजी हिरवी केळी, नाशवंत. कापणी दि. __, सकाळी ६ ते ९. __ तासांत उतरवावी. तापमान १३ ते १४ अंश, १३ च्या खाली नको.’ ओळीचं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. गाडीवाल्याला वाटतं जितकं गार तितकं चांगलं, आणि तो यंत्र ८ अंशांवर लावतो. केळी नासत नाही, पण सालीखालच्या पेशी मरतात, साल राखाडी पडते आणि पिकवायला ठेवली तरी पिवळी होत नाही. जळगावकडे थंडीची लाट आली की बागेतल्या उभ्या घडांचंही असंच होतं, शेतकरी त्याला ‘चिलिंग’च म्हणतात.

दुसऱ्या टोकाला मे महिना. भुसावळचा पारा ४५ ला टेकतो. फळ कापल्यावरही श्वास घेत असतं, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. दुपारच्या उन्हात बांधावर पडून राहिलेला घड तासांत दिवसांचं आयुष्य खर्च करतो. म्हणून उन्हाळ्यात कापणी पहाटे, घड सावलीत, आणि जमिनीवर ठेवायचे तर खाली केळीची पानं. लांबच्या बाजारासाठी घड ७५ ते ८० टक्के भरलेला असतानाच कापतात; फळाच्या कडा थोड्या शाबूत असतात तेव्हा. कडा पूर्ण गोल झाल्या की ते फळ जवळच्या बाजाराचं.

घड हाताळताना बसलेला मार त्या दिवशी दिसत नाही. हिरव्या सालीवर बोटाएवढा फिकट डाग असतो, तोही चिकाखाली झाकलेला. तीन-चार दिवसांनी पिकवण केंद्रात साल पिवळी व्हायला लागली की तीच जागा काळी पडते, आणि भांडण सुरू होतं की मार कुठे बसला, बागेत की गाडीत. म्हणून बंदिस्त खोक्यांत जाणाऱ्या मालाच्या फण्या कापल्यावर आधी पाण्यात सोडतात, तुरटीच्या पाण्याने चीक थांबवतात, आणि मग डाग पाहून वेगळ्या करतात. उतरवून घेताना ‘नाशवंत माल, तपासून घेतला’ अशी सही करण्याआधी निदान दोन-चार फण्या उचलून खालची बाजू पाहा.

पिकवतानाही हाच शब्द डोक्यात ठेवावा लागतो, कारण पिकवणं म्हणजे ठरवून घड्याळ पुढे ढकलणं. १६ ते १८ अंशांच्या बंद खोलीत, ओलसर हवेत, इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) सोडून साधारण एक दिवस ठेवतात, मग हवा बदलतात. चार-पाच दिवसांत फळ रंगावर येतं. कॅल्शियम कार्बाइडला अन्नसुरक्षेच्या नियमांत बंदी आहे, आणि ते योग्यच आहे: त्याने साल पिवळी होते, आतला गर मागे राहतो, आणि त्यातल्या अशुद्ध घटकांत आर्सेनिक, फॉस्फरस असू शकतं. पिकायला लागलेली केळी स्वतःच इथिलीन सोडते, म्हणून एका गाडीत केळी आणि भरताची वांगी कधी घालू नका. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला दोघांनाही २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गाडीत त्यांचं जमत नाही. केळीच्या वायूने वांग्याचा देठ सुटतो, आणि देठ सुटलेलं वांगं कोणी घेत नाही.

एक उरलं. कांदा, लसूण, बटाटा यांना ‘अर्धनाशवंत’ लिहितात. महिने टिकतात, पण मोड येतात, सडतात, बटाटा उजेडात हिरवा पडतो. त्यांना गारव्याइतकीच कोरडी खेळती हवा हवी, म्हणून तिथे तापमानाबरोबर ‘हवेशीर, कोरडं’ असंही लिहा.

नंदुरबारच्या लाल मिरचीला कोणता शब्द लावायचा, हे मात्र त्या दिवसावर ठरतं. ओली लाल मिरची पोत्यात भरली की नाशवंत, दोन दिवस गच्च राहिली तर आत बुरशी धरते. तीच पथारीवर उन्हात वाळून ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आला की नाशवंत नाही, महिनोन्महिने गोदामात राहते. पथारीवर अर्धी वाळलेली असताना अवकाळी पाऊस आला तर ती सर्वांत धोक्याची, कारण वरून कोरडी दिसते आणि आत ओल असते. अशा मालाच्या कागदावर ‘नाशवंत’च लिहा. शेंग कानाशी धरून हलवली आणि आतल्या बिया खुळखुळल्या, देठ वाकवल्यावर कट् करून मोडला, की मग तो शब्द काढून ‘वाळलेली मिरची’ लिहायला हरकत नाही.